चारही चाकांच्या ओढीची मोटार

चारही चाकांना ओढ असलेली नवी मोटार घ्यावी, असा आमच्या चिरंजीवांचा आग्रह आहे. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास आमचे वरचेवर जाणे होते. पावसाळ्यात तो घाट निसरडा होतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु ही ओढ चिखलातून गाडी बाहेर काढील. वळणावर ती थांबविण्याचे काम ब्रेक आणि टायर यांचेच. शिवाय ‘थार’ काय, ‘जिम्नी’ काय, कोरड्या डांबरी रस्त्यावर ती ओढ जोडून चालवू नये, असा दंडकच आहे. मग दहा-बारा दिवसांसाठी त्या यंत्राचे वजन बारमाही इंधन जाळून वाहावयाचे, म्हणजे धान्याच्या भावाने बारदान घेणे होय. बैलहोंगलच्या काळ्या रानात भर पावसात ज्यांना जावे लागते, त्यांनी ती अवश्य घ्यावी. आम्ही साधीच मोटार नोंदविली आहे. चिरंजीव अद्याप रुसलेले आहेत.