विज्ञानविचार : विजेचे जाते

घरातील वीज अकस्मात गेली की संगणकापुढे बसलेल्या विद्यार्थ्याची पहिली हळहळ जतन न केलेल्या मजकुराबद्दल असते. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत प्रत्येक अक्षर सूक्ष्म विद्युद्भाराच्या रूपाने ठेवलेले असते. हा भार गळत असल्यामुळे सेकंदातून अनेकवार पुन्हा भरावा लागतो. वीज खंडित झाली की स्मृती कोरी. लोहचुंबकाचे तसे नाही. एकदा धरलेली दिशा टिकविण्यास त्यास विजेची अपेक्षा नसते. तेव्हा अक्षरे चुंबकांच्या दिशांत लिहावी, हे ओघानेच आले. प्रश्न उरतो तो चुंबक वळवावा कसा, हा.

विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले. तेव्हापासून प्रवाहाने क्षेत्र उत्पन्न करावे व क्षेत्राने चुंबक वळवावा, असा द्राविडी प्राणायाम चालत आला. परंतु क्षेत्र शेजारीही पसरते. लक्षावधी चुंबक दाटीने मांडले असता एकास वळवू जावे तो दुसरा डळमळतो.

१९९६ साली अमेरिकेत स्लोन्चेव्स्की व बर्गर या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे असे प्रतिपादन केले, की प्रवाह चुंबकातूनच नेल्यास ही मध्यस्थी नको. प्रत्येक इलेक्ट्रॉनास भाराखेरीज एक अंगभूत फिरकी असते. इलेक्ट्रॉन भोवऱ्याप्रमाणे खरोखर गरगरतो असे नव्हे. तथापि भोवऱ्याच्या अंगी असणारा संवेग त्याच्याही अंगी असतो. साध्या प्रवाहात या फिरक्या वाटेल त्या दिशांच्या असतात. तो एका स्थिर चुंबकाच्या थरातून गाळून घेतला, की बऱ्याच अंशी एकदिश होतो. असे इलेक्ट्रॉन दुसऱ्या, पातळ चुंबकात शिरले म्हणजे त्यांना आपली फिरकी त्याच्या दिशेकडे वळवावी लागते. निसर्गाच्या हिशेबात संवेग बुडत नाही. इलेक्ट्रॉन जे टाकतो, ते चुंबकाच्या पदरी पडते आणि चुंबक वळू लागतो.

जात्याचा दाखला घ्यावा. खुंटा धरून दोघी एकाच दिशेने हात देतात तेव्हा जाते फिरते. एकीने उलटा जोर लावला तर ते जागचे हलत नाही. साधा प्रवाह आणि एकदिश प्रवाह यांत भेद एवढाच.

हात मात्र पुष्कळ लागतात. आरंभीच्या प्रयोगांत दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक कोटी अँपिअर इतका दाट प्रवाह लागे. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु चुंबकाची लांबीरुंदी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढी असल्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह अँपिअरचा हजारावा भागच भरतो.

या विषयात आमच्या पवईचेही नाव निघते. २००५ साली जपानमधील त्सुकुबा येथे अश्विन तुळापूरकर व त्यांचे सहकारी यांनी, दोन चुंबकांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा अतिपातळ पडदा ठेवून, त्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला. पाळण्यास लयीत झोका द्यावा तसा, प्रवाहाची लय चुंबकाच्या स्वाभाविक लयीशी जुळताच चुंबक डोलू लागला. त्याबरोबर पडद्याचा विरोधही कमीअधिक होऊ लागला, आणि उलटसुलट प्रवाहातून एकाच दिशेचा विद्युद्दाब मिळाला. हा निबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे तुळापूरकर पवईच्या तलावाकाठी १९५८ साली स्थापन झालेल्या आय. आय. टी.त विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले आणि या विषयाचे संशोधन तेथे चालू झाले.

एकदिश प्रवाहाने लिहिली जाणारी चुंबकीय स्मृती आज बाजारात मिळते. ती महाग असल्यामुळे घरच्या संगणकातील नेहमीच्या स्मृतीची जागा मात्र तिने घेतलेली नाही.

इलेक्ट्रॉनाच्या फिरकीची कल्पना १९२५ साली पुढे आली. तिच्या बळावर चुंबक वळविता येईल, हे सुचण्यास एकाहत्तर वर्षे लोटली. 'याचा उपयोग काय?' या प्रश्नाचे उत्तर १९२५ साली कोणी मागितले असते, तर ते कोणासही देता आले नसते. आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी शुद्ध विज्ञानाकडे वळू पाहील, तेव्हा हाच प्रश्न विचारून तिला वाटेतून परतविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी या एकाहत्तर वर्षांचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची विनंती.