पाखरू टिपताना

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी पाखरू टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो आणि अभ्यासक वहीत टिपण करतो. उडत्या लहान पाखरांची छायाचित्रे घेण्याचा छंद आता आपल्या जळगाव-धुळ्याकडेही रुजला आहे. मीही त्या छंदिष्टांपैकीच एक. परंतु आपण टिपतो म्हणजे यांपैकी नेमके काय करतो, याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे चार शब्द.

काम कठीण आहे, यात शंका नाही. केळीच्या बागेत केळफुलाशी झोंबणारा शिंजीर वजनाने जेमतेम सात-आठ ग्रॅमचा. त्याचे पंख चित्रात स्थिर दिसायचे तर शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर मिटावे लागते. त्यासाठी भरपूर उजेड हवा. तो खान्देशात मुबलक आहे. पण उजेड आणि यंत्र यांनी भागत नाही. पाखराची सवय ठाऊक असावी लागते. वेडा राघू तारेवरून झेपावतो, हवेतच किडा पकडतो आणि बहुधा त्याच जागी परत येऊन बसतो. लहान पाखरे सहसा वाऱ्याच्या तोंडाने उडतात. हे ज्याने निरखले, तो कॅमेरा आधीच रोखून बसतो. ही खरी तपश्चर्या.

ही तपश्चर्या टाळण्याची एक चोरवाट आहे, आणि तिच्याविषयीच माझी तक्रार आहे. ती वाट घरट्याकडे जाते. पिलांना भरवायला आईबाप पुन्हा पुन्हा येणारच. मग समोर कॅमेरा रोखून बसले की झाले! मध्ये फांदी येते म्हणून ती बांधून ठेवायची, पाने खुडायची, पाखरू येत नसेल तर मोबाईलवर त्याचाच आवाज वाजवायचा. शिंजिराची वीण मुख्यतः उन्हाळ्यात होते. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन काय असते ते सांगायला नको. आडोशाचे पान गेले की पिले उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यालाही दिसतात. अंडी उबवणारी मादी एकटीच असते; ती भिऊन दूर राहिली तर तिच्या जागी बसणारे कोणी नसते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हेही धरले आहे. कायदा करणाऱ्यांना ‘टिपणे’चे दोन अर्थ किती जवळ आहेत हे कळले असावे. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1882 साली उडते पक्षी टिपण्यासाठी बनवलेला कॅमेरा तर बंदुकीच्याच आकाराचा होता. त्यातून सेकंदाला बारा चित्रे निघत. त्याच काळात आपल्या खान्देशात जेम्स डेव्हिडसन हा इंग्रज अधिकारी बंदुकीने पक्ष्यांचे नमुने गोळा करीत होता. त्याने 1884 साली मिळवलेल्या रानपिंगळ्यानंतर तो पक्षी शंभरावर वर्षे कोणाला खात्रीने दिसलाच नाही. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. या वेळी पुरावा म्हणून छायाचित्रे घेतली गेली. कॅमेऱ्याने बंदुकीची जागा घेतली ती अशी. त्याच कॅमेऱ्याने आपण पुन्हा बंदुकीचे काम करावे काय?

कोणी म्हणेल, घरट्याची छायाचित्रे पाहूनच लोकांना पाखरांविषयी प्रेम वाटते. वाटत असेल, पण ते चित्र पाहून दहा जण आपापले कॅमेरे घेऊन दुसरी घरटी शोधू लागतात, हेही तितकेच खरे. संशोधकाला घरट्याजवळ जाणे भाग असते आणि तो रीतसर परवानगी घेऊन जातो. आपली स्पर्धा म्हणजे संशोधन नव्हे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महाविद्यालयांतील छायाचित्र-स्पर्धांत घरट्याजवळची चित्रे स्वीकारू नयेत, आणि प्रत्येक चित्रासोबत चार ओळींचे टिपण मागावे: पाखरू कोठे दिसले, केव्हा, काय करीत होते आणि आपण ते किती वेळ पाहिले. प्राध्यापक मंडळींनी गुण देताना हे टिपणही वाचावे. महागडी लेन्स घेणे सर्वांना जमत नाही. वही सर्वांना जमते.

ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्या आसोद्याच्या बहिणाबाईंजवळ कॅमेरा नव्हता, अक्षरओळखही नव्हती. तरी त्यांनी सुगरणीचा खोपा असा पाहिला की घरोघरी तो दिसू लागला. आणि झाडावरचा खोपा जागच्या जागी झुलत राहिला.