अंगणाला फरशी घालण्याआधी

परवा आमच्या शहापुरात, आमच्याच गल्लीत, एका जुन्या घरासमोर वाळूची ट्रॉली रिकामी झाली. चौकशी केली तर कळलं, मुलं पुण्याहून आलीत आणि पावसाळ्याआधी अंगणाला फरशी, भिंतींना सिमेंट करून जाणार आहेत. मी दारातूनच म्हणालो, "जरा थांबा की!" त्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्याला जुन्याचा लोभ. तसं नाही. हीच चूक मी स्वतः पैसे मोजून केली आहे, म्हणून हे लिहितोय.

मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. घरदुरुस्तीची कितीतरी कर्जं माझ्या सहीनं मंजूर झाली. एस्टिमेट, टायटल, घरपट्टीची पावती, मार्जिन, सगळं तपासायचो. पण अंगण बंद केल्यावर पावसाचं पाणी कुठं जाणार, हा प्रश्न एकाही फायलीवर मी विचारला नाही. माझ्या स्वतःच्या घराच्या वेळीही नाही.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि मागं अंगण, विहीर, तुळस. न्हाणी आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. भिंती मातीच्या, वर चुन्याचा गिलावा, छपरावर मंगळूर कौलं. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आषाढात अंगणात शेवाळ धरायचंच.

२०१६ च्या जुलैत पहाटे संडासला जाताना आमची ही त्या शेवाळावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरूण. मुलगा पुण्याहून धावत आला. म्हणाला, "बाबा, आता ऐकायचं नाही, सगळं पक्कं करून टाकू." मला तरी दुसरं काय सुचत होतं? कंत्राटदार आला, त्यानं सहाशे चौरस फूट अंगणाला काँक्रीट ओतून वर गुळगुळीत टाइल्स बसवल्या. घरातल्या भिंतींचा चुना खालून चार फूट खरवडला आणि सिमेंटचा गिलावा केला. दिवाळीला घर असं चकाचक दिसलं की पाहुणे फोटो काढून घेऊन गेले.

पुढच्या दोन पावसाळ्यांत खरा हिशेब कळला. मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू उडून जाते. सिमेंटनं तिची ती वाट बंद केली, अंगणाच्या काँक्रीटनं जमिनीतून वर यायची वाटही बंद केली. मग ओल भिंतीतूनच वर चढली. चार फुटांच्या सिमेंटच्या वर पाचव्या फुटावर डाग उमटले. गिलावा बोटानं वाजवला तर पोकळ वाजायचा. माजघरातल्या सागवानी खांबाचं बूड मऊ पडलं. अंगणातलं पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबायला लागलं. आणि ज्या कारणासाठी हे सगळं केलं, त्याचं काय? ओल्या टाइल्स शेवाळापेक्षा जास्त निसरड्या निघाल्या. ही भिंत धरून धरून चालायची.

आता थोडं बँकेतलं गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. बेळगावचा वर्षाचा पाऊस बाराशे मिलिमीटरच्या आसपास धरला तर एकट्या अंगणावर ६७ हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं काही उडून जाईल, काही वाहून जाईल, पण उरलेलं आजवर जमिनीत मुरत होतं. ते मी स्वखर्चानं गटारीत सोडलं. आमच्या विहिरीला पूर्वी मे महिन्यातही पाणी असायचं, आता मार्चातच तळ दिसतो. हा दोष एकट्या आमच्या अंगणाचा नाही, गल्लीतली एकेक करून सगळीच अंगणं बंद झालीत. पण गल्लीच्या खात्यात माझीही एक नोंद आहे, ती मी नाकारत नाही. याच गावात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला पाणी हवं म्हणून विहीर खणली गेली, आजही टिळकवाडीत तिला काँग्रेस विहीर म्हणतात. विहिरींवर जगलेलं गाव आहे हे.

२०१९ ला एक जुने मेस्त्री भेटले. भिंत बघून म्हणाले, "साहेब, हिला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही बघा." त्यांनी सिमेंट उतरवलं, भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू दिली, मग कळीचा चुना विझवून, मुरवून, गुळाचं पाणी घालून गिलावा केला. अंगणातलं काँक्रीट फोडलं. घालायला जेवढं लागलं त्याच्या निम्मं काढायला लागलं. एकाच चुकीला दोनदा डेबिट.

हे काम चालू असताना मी हिला विचारलं, "तुला अंगणात कसली फरशी हवी?" ती म्हणाली, "मला फरशी कधी हवी होती? मला रात्री-पहाटे पावसात बाहेर जायचं नव्हतं, एवढंच." तीन वर्षं, दोन कंत्राटं आणि घरातल्या तीन पुरुषांची मतं झाली, पण जी पडली तिलाच कुणी विचारलं नव्हतं.

मग माजघराच्या बाजूची कोठीची खोली मोडून तिथं संडास-बाथरूम केलं. कमोड, भिंतीला दांडा, खरखरीत फरशी, रात्रभर मंद दिवा. देवघर दोन हातांवर आहे. आई असती तर महिनाभर बोलली नसती. पण मला याचा जराही पस्तावा नाही. अंगणात विहिरीपर्यंत तीन फुटांची, न घासलेल्या शहाबादी फरशीची वाट आहे, बाजूला धरायला पाइप. बाकी माती. तिथं आता अनंत आणि कढीलिंब वाढतायत.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुन्या घरात बदल करूच नका असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. वायरिंग बदला, संडास आत आणा, उंबरा आडवा येत असेल तर उतार करा. पण मातीच्या भिंतीला सिमेंट फासू नका आणि जमिनीचं तोंड बंद करू नका. दुरुस्ती वर्षातून चार दिवस येणाऱ्याच्या सोयीनं ठरवू नका, रोज राहणाऱ्याच्या पायानं ठरवा.

मुलगा अजून म्हणतो, "बाबा, गाडी कुठं लावायची? आणि तुमच्यानंतर इथं राहणार तरी कोण?" गाडी तो गल्लीत लावतो. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित घर विकलं जाईल. घेणारा काय करील ते त्याचं तो बघेल. पण जोवर आम्ही दोघं आहोत तोवर ती न घाबरता चालली पाहिजे आणि पाऊस आमच्या जमिनीत मुरला पाहिजे.

समोरची वाळू अजून तशीच पडून आहे. काल त्या मुलांना मी एवढंच म्हणालो, "आधी आईला विचारा."