देहाचा काटा: आकडा आणि अंदाज

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील कापूस व्यापाऱ्यांना ओलावा दाखवणारे यंत्र नवे नाही. कापसाच्या गाडीत त्याचे टोक खुपसताच ओलाव्याचा टक्का दिसतो. हमीभावाच्या खरेदीत सीसीआय ८ ते १२ टक्के ओलावा ग्राह्य धरते. वास्तविक हे यंत्र पाणी काढून मोजत नाही. ओल्या कापसातून वीज सहज वाहते, कोरड्यातून अडखळते. त्यावरून ते अंदाज बांधते. म्हणूनच जाणता व्यापारी एकाच जागेच्या आकड्यावर सौदा करीत नाही.

आता अनेक घरांत आलेला, शरीरातील चरबीचा टक्का दाखवणारा वजनकाटा ह्याच तत्त्वावर चालतो. अनवाणी पायांनी त्यावर उभे राहिले की न जाणवणारा सौम्य विद्युतप्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून उतरतो. मेदरहित देहभागात सुमारे ७३ टक्के पाणी असते. तेथून प्रवाह सुलभतेने जातो. मेदात पाणी अल्प, म्हणून तेथे अडथळा अधिक. हा अडथळा आणि आधी भरलेले वय, उंची व लिंग यांची सांगड घालून काटा टक्का सांगतो. तो टक्का म्हणजे मोजमाप नव्हे, अनुमान होय.

जैन कुटुंबांत हे अनुमान विशेष जपून वाचावे लागते. चौविहार पाळणाऱ्याच्या शरीरात सकाळी पाणी कमी असते. पाणी घटले की अडथळा वाढतो आणि काटा त्यालाच मेद समजतो. पर्युषणातील अठाईत वा दशलक्षणातील उपवासांत वजन उतरत असताना मेदाचा टक्का मात्र चढलेला दिसू शकतो. आरंभीच्या दिवसांत उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. पारण्यानंतर त्यातील बराच भाग परत येतो. तेव्हा तपस्व्याने काट्याकडे पाहून हर्षही मानू नये, खेदही मानू नये. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, मेदनिर्जरा नव्हे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र दीर्घ उपवासापूर्वी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

मग मेदाची चिंता करण्याचे कारण काय? ह्याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात आपल्या स्वतःच्याच देहांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. परंतु क्ष-किरणांच्या सूक्ष्म तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के मेद आढळला, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय देह बाहेरून कृश दिसला तरी आत मेद साठवून असतो आणि त्यातूनच मधुमेहाची वाट सुकर होते. दिवसभर पेढीवर बैठक मारून बसणाऱ्याला ‘माझे वजन तर बेताचे आहे’ एवढे समाधान पुरेसे नाही.

त्यातही पोटातील मेद अधिक घातक. घरगुती काट्याचा प्रवाह मुख्यतः पायांतूनच फिरत असल्याने पोटाविषयी त्याला थोडेच कळते. येथे कापड दुकानातील साधी मोजपट्टी अधिक उपयोगी पडते. श्वास सहज सोडून, बरगड्यांचा खालचा काठ आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर घेर मोजावा. भारतीय पुरुषाचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. घेर त्याहून अधिक असेल, तर वजन बेताचे असले तरी रक्तशर्करा तपासून घ्यावी. सेवाग्राम आणि सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जिल्ह्यातच आहेत.

काटा निरुपयोगी आहे, असा ह्याचा अर्थ नाही. एका नयाने दिसणारे सत्य असत्य नसते, अपूर्ण असते. अनेकान्ताची ही शिकवण येथेही लागू पडते. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, कोरड्या पायांनी काट्यावर उभे राहावे. उपवासाच्या दिवसांतील आकडे हिशेबात धरू नयेत. पेसमेकर बसवलेल्यांनी विद्युतप्रवाहाच्या काट्यावर चढूच नये. गर्भवतींनीही तो टाळावा. दोन निरनिराळ्या काट्यांचे आकडे परस्परांशी ताडू नयेत. वजन, मेदाचा टक्का आणि कमरेचा घेर यांची नोंद वहीत ठेवावी आणि तीन महिन्यांनी कल पाहावा. एका दिवसाच्या विक्रीवरून कोणी वर्षाचा नफा ठरवीत नाही. देहाचा हिशेबही तसाच सबुरीने मांडावा.