दावा बासेलला, विधवा यवतमाळच्या, आणि संशोधक?

आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या संशोधनाच्या संधींची पत्रकं आता वर्ध्यातल्या कॉलेजांच्या फळ्यावरही लागतात. हेगची उन्हाळी सत्रं, जिनिव्हातली उमेदवारी, युरोपातल्या पीएच.डी.च्या जागा. मुली वाचतात आणि पुढे जातात. आपल्या चळवळीतल्या मैत्रिणीही म्हणतात, "आधी गावातल्या बाईला रेशन कार्ड मिळू दे, मग जिनिव्हाचं बघू." हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की आता त्यावर भांडायची वेळ आली आहे. ते ऐकायला जमिनीवरचं वाटतं, पण त्याचा फायदा नेमका त्यांनाच होतो ज्यांना वर्ध्याची बाई जमिनीवरच राहायला हवी आहे.

देवळी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथे २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दवाखान्यात भरती झाले, वीसच्या वर माणसं मेली. वर्तमानपत्रांत महिनाभर बातम्या आल्या, चौकशी पथक आलं, मदतीचे धनादेश वाटले गेले आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. तो संपला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एक वाचलेला शेतकरी आणि दोन मृत शेतकऱ्यांच्या विधवा यांनी थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात सिंजेंटा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. औषध होतं पोलो, त्यातलं रसायन डायफेन्थियुरॉन. त्याच सुमारास ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्विस सरकारच्या संपर्क केंद्राकडे, बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली, वेगळी तक्रार गेली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पण १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने ज्या पाच घातक कीटकनाशकांची निर्यातच बंद केली, त्यांत हे रसायन आहे. स्वतःच्या देशात ते वापरायला त्यांनी कधीचीच बंदी घातली होती. आपल्याकडे मात्र ते कृषी केंद्रात मिळत होतं.

मैत्रिणींनो, आता सांगा, आंतरराष्ट्रीय कायदा कुणाचा विषय आहे?

हा दावा कसा उभा राहतो ते बघा, म्हणजे संशोधन कशाला म्हणतात ते कळेल. स्विस कायद्यात सदोष मालाच्या भरपाईसाठी, नुकसान आणि उत्पादक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. २०१७ ते २०२०. या तीन वर्षांत कुणीतरी दुकानाची पावती शोधायची, रिकामी बाटली जपायची, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पोलिसांचा पंचनामा, तहसीलचा कागद गोळा करायचा. त्यावर कोणतं औषध, कोणत्या दिवशी, किती तास फवारलं हे लिहायचं. मग ते सगळं जर्मन भाषेतल्या कोर्टाला समजेल असं मांडायचं. यातला पहिला, सगळ्यांत अवघड अर्धा भाग गावात होतो, तो मराठीत होतो आणि तो बहुतेक वेळा कार्यकर्ते करतात. दुसरा अर्धा भाग बर्लिन-झुरिचला होतो. तिथल्या संस्थांनी या कुटुंबांना साथ दिली, त्यांच्यावर माझा रोख नाही. त्या नसत्या तर दावाच झाला नसता. माझा रोख आपल्या विद्यापीठांवर आहे. घटना घडली इथे, नागपूरला कायद्याचं राष्ट्रीय विद्यापीठ आहे, कायद्याचे विभाग आहेत, वर्ध्यापासून दीड तासाचा रस्ता. या दाव्यावर मराठी विद्यार्थिनींनी प्रबंधांची रांग लावायला हवी होती.

आणि बायांबद्दल तर कुणीच विचारत नाही. फवारणी करणारा म्हणजे पाठीवर पंप घेतलेला पुरुष, अशी नोंद होते. मी हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या गावांत फिरते तेव्हा दिसतं ते वेगळं. विहिरीवरून धुऱ्यापर्यंत पाण्याचे गुंड वाहते बाई. ड्रममध्ये औषध ढवळायला काडी फिरवते बाई. दुसऱ्या दिवशी त्याच तासात निंदायला वाकते बाई, आणि संध्याकाळी नवऱ्याचे औषधाने भिजलेले कपडे उघड्या हाताने धुते तीच. तिला चक्कर आली, अंगावर चट्टे उठले, तर घरात म्हणतात उन्हाचं असेल, आणि दवाखान्याच्या रजिस्टरात 'अशक्तपणा'. भरपाई मागायला ती येते ती विधवा म्हणून, स्वतः बाधित म्हणून नाही. हा मुद्दा जगातल्या कोणत्याही कोर्टापुढे मांडायचा तर आधी तो नोंदवावा लागेल. तो जिनिव्हातून दिसणार नाही. इथली, पऱ्हाटीच्या तासात उभी राहिलेली मुलगीच तो नोंदवू शकते. शर्त एवढीच की तिला दाव्याची भाषाही यायला हवी.

कापसाचीच दुसरी गोष्ट. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देऊन जागतिक भाव पाडते, म्हणून ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकली. २०१४ मध्ये तडजोड झाली, ब्राझीलच्या कापूस संस्थेला तीस कोटी डॉलर मिळाले. भारत त्या खटल्यात तिसरा पक्ष म्हणून होता. त्याच काळात, २००६ मध्ये, आत्महत्याग्रस्त म्हणून पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. नवरा गेल्यावर सातबारा आपल्या नावावर करून घ्यायला धडपडणारी बाई आणि जिनिव्हातला तो निकाल यांच्यात धागा आहे. तो कुणी लिहून काढला, तर ती नुसती दुःखाची कहाणी राहत नाही.

कुणी म्हणेल, असं संशोधन वर्ध्यात होणार तरी कसं? झालेलं आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या वैद्यकीय तपासणीची दुर्दशा मांडणारा अहवाल तयार केला आणि त्याच्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खाजगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असं म्हटलं, तेव्हा आधार घेतला तो १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार आणि पीडितांच्या न्यायाबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा १९८५ चा जाहीरनामा यांचा. त्याआधी १९९७ चा विशाखा निकाल. राजस्थानातल्या एका साथिनीवरच्या अत्याचारातून तो उभा राहिला, आणि आपल्या देशात कायदा नसताना न्यायालयाने आधार घेतला तो भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या, स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या कराराचा, म्हणजे आपण ज्याला सीडॉ म्हणतो त्याचा.

तो सीडॉ आपण शिबिरात फक्त नावाने शिकवतो. त्याचं चौदावं कलम ग्रामीण स्त्रीबद्दल आहे हे किती जणींना माहीत आहे? भारताने त्यावर सही करताना कलम ५ आणि १६ बद्दल हात राखून ठेवला, समाजाच्या संमतीशिवाय त्यांच्या खाजगी बाबींत पडणार नाही म्हणून. आणि एकट्या बाईला थेट तक्रार करू देणारा १९९९ चा ऐच्छिक मसुदा भारताने स्वीकारलेलाच नाही. म्हणजे आपल्याला समितीपुढे जायला मुख्य दार उरतं ते पर्यायी अहवालाचं. त्यात वर्धा किती ओळींचं असतं? अहवाल दिल्लीत, इंग्रजीत, घाईत लिहिले जातात, आणि आपण पाठवलेल्या दहा पानांच्या टिपणाचं तिथे अर्धं वाक्य होतं. काही वर्षांपूर्वी एका संशोधन पथकाने आमच्या गटाच्या बायांशी दोन दिवस बोलून टेप भरून नेल्या. प्रबंध झाला असेल, पुस्तकही आलं असेल. बायांना साधं पोस्टकार्डही आलं नाही.

आता पैशाकडे येते, कारण संधी म्हणजे शेवटी पैसा. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांना परदेशी शिकायला केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. २०२२ सालच्या नियमावलीत जागा १२५. त्यांतल्या भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या वाट्याला चार. सगळ्या देशासाठी चार. आणि त्याच नियमावलीत लिहिलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे शेतमजुराच्या मुलीने बाहेर जावं, पण आपल्या आईच्या विषबाधेवर प्रबंध लिहू नये! तो कुणी लिहायचा? झुरिचच्या मुलीने? ही अट घालणाऱ्यांना विषय नेमका कळलेला आहे, म्हणूनच ती घातली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पदवी आणि इंग्रजी यांच्या नावाने घाबरवणं थांबवा, हे मी आपल्या मैत्रिणींनाही सांगते. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आम्हाला क्षेत्रकार्य शिकवलं, अहवाल लिहायला शिकवलं, पण तो अहवाल पुरावा म्हणून कुठे चालेल हे कुणी शिकवलं नाही. ते शिकता येतं. आर्वी, देवळी, हिंगणघाटच्या कितीतरी मुली आज एलएल.बी. करताहेत आणि तालुका कोर्टात नोटरीच्या टेबलाशेजारी बसून प्रतिज्ञापत्रं भरताहेत.

मागण्या म्हणून माझ्या तीनच आहेत. शिष्यवृत्तीतून भारताविषयीचे विषय वगळणारी अट कोणत्याही योजनेत असता कामा नये, आणि शेतमजुरांच्या मुलींच्या जागा चारवर थांबू नयेत. नागपूरच्या विद्यापीठांनी विदर्भातल्या आंतरदेशीय प्रकरणांची मराठी दप्तरं तयार करावीत आणि ती तालुक्यातल्या बाईला वाचता यावीत. आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संशोधकाने इथल्या एका मुलीला सहलेखिका म्हणून घ्यावं. दुभाषी म्हणून नव्हे, सहलेखिका म्हणून.

तोवर गटांनी एक करावं. येत्या हंगामात फवारणीच्या काळात गावात कुणाही बाईला त्रास झाला, तर दुकानाची पावती, बाटलीवरचं लेबल आणि बॅच नंबर, दवाखान्याचा कागद आणि तारीख हे चार तुकडे एका पिशवीत घालून ठेवावेत, आणि पिशवीवर बाईचं स्वतःचं नाव लिहावं, नवऱ्याचं नाही.