लेक परदेशी, थंडी दाराशी

कोजागिरीचं दूध आटवत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी मागच्या दाराने आल्या. चेहरा उतरलेला. त्यांची लेक जर्मनीत, ड्रेस्डेनला शिकते. म्हणाल्या, "काकू, पोरगी फोनवर नुसतं 'बरं आहे' म्हणून राहिली. पण आवाज काही बरा नाही वाटला. एक जाड गोधडी पाठवू का?"

इकडे हिंगणघाटात अजून पंखे फिरताहेत. तिकडे मात्र पानगळ सुरू होऊन गारठा वाढू लागलेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात. आपल्यातलं नि त्यांच्यातलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. डिसेंबरात तर दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पोरगी कॉलेजातून निघते तीच अंधारात.

आता गोधडीचं. आपण कापसाच्या गावच्या. एके काळी विलायतेच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावानं आपला कापूस विकला जाई. त्यामुळे थंडी म्हटली की आपल्याला सूतच आठवतं. पण सुती बनियन घामानं किंवा पावसानं ओला झाला की लवकर वाळत नाही, आणि अंगाला गार लागतो. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा लवकर वाळणारा पातळ कपडा, त्यावर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारा कोट, असे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर हवेत. आत गेलं की एकेक काढता येतो. कोट इथून घेऊन देऊ नका. तिथल्या थंडीला पुरेल असा तिथंच मिळतो, आणि वापरलेला चांगला कोट घेण्यात कमीपणा नाही. बूट मात्र लोकरी मोज्यांसकट घालून पाहूनच घ्यावेत.

खिडकीचीही गोष्ट सांगते. थंडीच्या भीतीनं पोरी खिडकी महिना-महिना उघडत नाहीत. त्यात खोलीतच कपडे वाळवतात, भाताची वाफही आतच राहते. मग भिंतीला बुरशी धरते आणि खोकला मागे लागतो. जर्मन लोक भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडतात नि पुन्हा लावून घेतात. लेकीलाही तसं करायला सांगा.

आणि खाऊचं पार्सल? तूप, पेढे, खव्याची बर्फी मुळीच घालू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. त्यापेक्षा जवसाची चटणी, मेतकूट, भाजणी द्या. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी आणून ठेवायची सवय हवी. हिवाळ्यात ऊन फार कमी मिळतं, म्हणून ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. दुपारी उजेड असेतो अर्धा तास तरी बाहेर चालावं.

हे सारं सांगून झालं तरी वहिनी उठेनात. तेव्हा मी त्यांना आनंदीबाई जोशींची आठवण करून दिली. १८८३ साली अठराव्या वर्षी त्या फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून पातळ गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या. खोलीतली शेगडी पेटवली तर धूर कोंडे, न पेटवली तर गारठा. १८८६ मध्ये पदवी मिळवली. पण २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वय बावीसही पुरं नव्हतं. सगळा दोष थंडीला देता येणार नाही. पण शिकायला गेलेली पोर अंगावर किती काढते, हे घरच्यांना वेळेवर कळायला हवं, एवढं मात्र त्यातून घ्यावं.

वहिनींना म्हटलं, "आज 'जेवलीस का' विचारू नका. कोट दाखव म्हणा."

रात्री त्यांनी फोनवर तसंच म्हटलं. पोरगी गप्प. मग रडायलाच लागली. कोट घेतलाच नव्हता! दोन स्वेटर एकावर एक घालून ती फिरत होती. का? तर दर फोनवर बँकेच्या कर्जाचा विषय निघायचा. तिला वाटलं, आपण पैसे वाचवायलाच हवेत.

वहिनींना मग रात्रभर झोप नाही. सकाळी मला म्हणाल्या, "काकू, कर्जाचं मीच दरवेळी काढायची हो. मला वाटे, पोरीला जाण राहील."

मैत्रिणींनो, जाण मुलींना असतेच. आपण समजतो त्याहून जास्तच असते. कर्जाची चिंता आपण नवरा-बायकोनं ओट्यापाशी बोलावी, फोनवर नको. फोनवर तिला आधी विचारा, हात गरम आहेत ना? खोली कोरडी आहे ना? संध्याकाळी बोलायला कुणी आहे ना? ती 'बरं आहे' म्हणाली की लगेच फोन ठेवू नका. थोडं थांबा. पुढचं बोलणं त्यानंतरच येतं.

परवा वहिनींनी फोटो दाखवला. निळा कोट, डोक्याला टोपी, नाक लाल. हसत होती पोरगी!