आधी चित्र बघू द्या

आयसीएसईच्या दहावीच्या इंग्रजी लँग्वेजच्या पेपरात ८० पैकी २० गुण पहिल्याच प्रश्नाला असतात. ३०० ते ३५० शब्दांचं कॉम्पोझिशन लिहायचं आणि त्यातला एक पर्याय चित्राचा. चित्राचं वर्णन करा, गोष्ट लिहा किंवा त्यावरून सुचेल ते लिहा. फक्त लिखाणाचा चित्राशी संबंध स्पष्ट दिसला पाहिजे. दहावीच्या मुलाला एवढी मोकळीक क्वचितच मिळते आणि नेमकी तीच आपण घोकंपट्टीत घालवतो आहोत.

मी ठाण्यात दहावीला इंग्रजी शिकवते. यंदाच्या सराव परीक्षेत आम्ही एक फोटो दिला होता. भर पावसात बस स्टॉपवर उभा असलेला, कागदी भिरभिरी विकणारा माणूस. पेपर तपासायला घेतले, तर पानापानावर तीच गोष्ट: गरीब पण प्रामाणिक विक्रेता, त्याला सापडलेलं पाकीट, शेठजींनी दिलेलं बक्षीस. मागच्या चाचणीच्या चित्रात रिक्षावाला होता. पाकीट तेव्हाही सापडलं होतं. विचारल्यावर एका मुलाने सरळ सांगितलं, ‘‘क्लासच्या नोट्समध्ये आहे, मिस. कुठल्याही चित्राला चालते.’’

त्याच गठ्ठ्यात एका मुलीचा पेपर होता. त्या माणसाने छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही, भिरभिऱ्यांवर धरली आहे, हे तिला दिसलं होतं. तिची गोष्ट तिथूनच सुरू झाली. तो भिजून घरी जातो, बायको आधी माल कोरडा आहे ना ते चाचपते आणि मग त्याचं डोकं पुसते. क्रियापदांचे काळ दोन-तीन ठिकाणी चुकले होते. तरी वर्गातले सर्वाधिक गुण मी तिलाच दिले, कारण ती गोष्ट त्याच चित्रातून निघाली होती.

हे शिकवता येतं. या पेपरात पहिली १५ मिनिटं लिहायला बंदी असते, पेपर फक्त वाचायचा असतो. त्यातला थोडा वेळ चित्राला द्या. माणसं कुठे बघताहेत? हातात काय आहे? क्षणभरापूर्वी काय घडलं असेल? यातली एकच गोष्ट निवडा आणि तिच्यावर लिहा. राज्य मंडळाच्या इंग्रजीच्या पेपरात दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट पुरी करायचा पर्याय असतो, तिथेही हेच लागू आहे. ते पहिलं वाक्य नीट वाचलं, तर पुढची गोष्ट त्यातच सापडते.

पाठ केलेल्या गोष्टीला आम्ही शिक्षक गुण देत राहिलो, तर मुलं पाठच करणार. म्हणून माझं माझ्या सहकाऱ्यांना सांगणं आहे: चित्राला ओढूनताणून चिकटवलेल्या गोष्टीचे गुण सराव परीक्षेतच कापा आणि का कापले, ते पालकांना बोलावून समजावून सांगा.